चांगुलपणाची पावती मिळत नाही

'चांगुलपणा' हा शब्द आपण मराठी माणसं जरा स्वस्तातच वापरतो. कोणी लग्नाला वेळेवर आलं की 'त्यांचा चांगुलपणा'. उसने नेलेले पैसे परत केले की 'केवढा चांगुलपणा' (अहो, पैसे आपलेच होते ना!). आणि कोणी दुसऱ्यासाठी स्वतःचं नुकसान करून घेतलं, की तोच शब्द उलटा फिरतो, 'चांगुलपणा नडला बिचाऱ्याला'. म्हणजे फुकटात मिळाला तर गुण, किंमत मोजावी लागली तर दोष. गेले काही आठवडे हा शब्द डोक्यात घोळतोय, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं.

निमित्त झालं आमच्या चर्चमधल्या रविवारच्या शाळेचं. निवृत्त झाल्यापासून मी तिथे लहान मुलांचा वर्ग घेते. पौलाने गलतीकरांस जे पत्र लिहिलं त्याच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणं सांगितलीत. आमच्या मंडळीतल्या (वाचक मंडळींनी गोंधळून जाऊ नये, आम्ही ख्रिस्ती लोक चर्चच्या सभासदांना 'मंडळी' म्हणतो :-)) पोरांना ती बोटांवर मोजून पाठ असतात. नऊ बोटं संपतात आणि एक अंगठा उरतो, त्यावर ती हमखास हसतात. तर एका मुलीने विचारलं, "टीचर, पाचवी ममता आणि सहावा चांगुलपणा. दोन्ही एकच ना? मग दोनदा कशाला?"

प्रश्न साधा नाही. काही भाष्यकार सांगतात की मूळ ग्रीकमध्ये शब्द वेगवेगळे आहेत. ममतेत मऊपणा जास्त. चांगुलपणासाठी जो 'अगाथोसुने' शब्द आलाय, त्यात खरेपणाचा एक कठीण कणाही आहे. मंदिरातल्या सराफांचे चौरंग प्रभू येशूने उलथून टाकले, त्यात ममता दिसणार नाही, पण चांगुलपणा होता, असं उदाहरण देतात. दहा वर्षांच्या मुलीला एवढं सगळं कसं सांगणार? मी तिला सांगितलं, पडलेल्याला उचलतो ती ममता, आणि कोणी बघत नसतानाही नीट वागतो तो चांगुलपणा. तिचं समाधान झालं. माझं मात्र त्यावर विचार करणं संपलं नाही.

माझी सगळी नोकरी नर्सची. आमच्या घराण्यात हे नवीन नाही. आत्या नर्स, मोठी बहीण नर्स, दोन मावसबहिणी नर्स. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत डोकावलंत तर एक शिक्षक आणि एक सिस्टर हमखास सापडेल. तर नवी असताना एका म्हाताऱ्या मेट्रनच्या हाताखाली मी काम शिकले. तिने उपदेश असा कधी केला नाही. पण एक नियम तिने आमच्या हाडात उतरवला. ज्या वेळी नाडी धरली, त्याच वेळी चार्टवर लिहायचं.

ज्यांनी वॉर्ड बघितला नाही त्यांना यात काय विशेष असं वाटेल. नाइट ड्यूटीला तीस-पस्तीस पेशंट आणि दोन सिस्टर. दर चार तासांनी ताप, नाडी, श्वास मोजायचे. पहाटे तीनला पाय गळून गेलेले असतात, पेशंट शांत झोपलेला असतो, रात्री अकराला ताप नव्हता, सकाळी सातलाही नसणार. मधल्या रकान्यात अंदाजाने आकडा टाकला तर कोणाच्या बापाला कळणार नाही. शंभर वेळा टाकला तर नव्व्याण्णव वेळा काही बिघडणारही नाही. मेट्रन म्हणायची, "तो शंभरावा कोण, ते तुला माहीत आहे का? नाही ना? मग ऊठ."

मला वाटतं, चांगुलपणाची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्याच प्रवचनात ऐकली नाही. गोड बोलणाऱ्या सिस्टर पुष्कळ होत्या, पेशंटना त्या आवडायच्याही. मेट्रन कोणालाच आवडत नसे, फटकळ होती. पण तिच्या वॉर्डातल्या चार्टवर डॉक्टर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. झोपलेल्या पेशंटला आपलं मनगट कोणीतरी पहाटे तीनला हातात घेतलं होतं हे कधी कळलंही नसेल. त्यामुळे आभार मानण्याचा प्रश्नच नाही.

आणि पौलाने 'फळ' हा शब्द वापरलाय हेही मला महत्त्वाचं वाटतं. त्याने 'काम' म्हटलं नाही, 'पराक्रम' तर नाहीच नाही. आमच्या मराठवाड्यात फळ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दौलताबादकडची सीताफळं, जालन्याकडची मोसंबी. मोसंबीचं झाड लावल्यावर फळ धरायला चार-पाच वर्षं जातात. 2012-13 च्या दुष्काळात लोकांनी त्या बागा टँकरने पाणी घालून जगवल्या, आणि ज्यांना ते परवडलं नाही त्यांनी डोळ्यांत पाणी आणून कुऱ्हाड चालवली. दहा-दहा वर्षांची झाडं एका उन्हाळ्यात सरपण झाली. फळ दिसतं ते चार दिवस, त्यामागचं पाणी घालणं रोजचं. आणि ज्या वर्षी पाऊस नसतो, त्या वर्षी तर पाणी घालणं हेच सगळं काम.

आता पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या गल्लीविषयी सांगते. छत्रपती संभाजीनगरला (2023 पर्यंतचं औरंगाबाद, आमचे बाहेरगावचे नातलग फोनवर अजून तेच म्हणतात) पाण्याची केवढी टंचाई सोसावी लागली हे इथल्या लोकांना सांगायला नको. तसं बघितलं तर हे शहर पाण्याच्या शहाणपणावर वसलेलं. मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून नहर खेळवली. पाणचक्कीवर तर पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. आणि त्याच शहरात 2019 च्या उन्हाळ्यात आम्ही नळाला पाणी कधी येणार याची वाट बघत रात्री जागत होतो. पाणी यायचं काही दिवसांनी, आणि वेळ ठरलेली नाही. रात्री दोनलाही यायचं. ज्याला जाग येईल त्याने मोटर लावायची, इतरांनी सकाळी कोरडी टाकी बघायची. गल्लीत भांडणं व्हायची ती यावरूनच.

आमच्या शेजारच्या घरी तेव्हा एक कुटुंब भाड्याने राहायचं. सुनेचं सिझर झालेलं, टाका पिकला होता. रोज दवाखान्यात रिक्षाने जाणं परवडेना. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून घ्या, ते हो म्हणाले तर ड्रेसिंग मी घरी येऊन करीन. ते हो म्हणाले. पंधरा-वीस दिवस मी रोज संध्याकाळी जात होते. एकदा बाहेर पडताना तिच्या सासूबाईंनी मला ओट्यावर थांबवलं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, साध्या, खेड्यातून आलेल्या बाई.

"सिस्टर, एक विचारू का? राग नका येऊ देऊ."

"विचारा ना काकू."

"तुम्ही रोज येऊन एवढं करायलात. पैसे घेत नाहीत. मग मागून आम्हाला काय करावं लागतं?"

मला एक क्षण कळलंच नाही. मग कळलं. गल्लीतलं कोणीतरी त्यांना सांगितलं असणार, हे लोक आधी असंच गोड वागतात आणि मग हळूच चर्चला चला म्हणतात. काकूंच्या बोलण्यात तिरकसपणा नव्हता. त्यांना फक्त हिशेब समजून घ्यायचा होता. गरीब माणसाला फुकटच्या गोष्टीची भीती वाटते, कारण त्याची किंमत नंतर कधीतरी मोजावी लागते हे त्याने आयुष्यभर बघितलेलं असतं.

मी म्हटलं, "करायचं आहे ना. मला रात्री जाग येत नाही. नळाला पाणी आलं की माझ्या दाराची कडी वाजवायची."

त्या हसल्या. आणि त्यानंतर घर सोडेपर्यंत, जवळजवळ वर्षभर, पाणी आलं की आमची कडी वाजायची. मीच नाही, पुढे पुढे सगळी गल्लीच त्यांच्या भरवशावर झोपायला लागली. रात्री पाण्यावरून होणारी भांडणंही कमी झाली. हिशेब केला तर माझ्या वीस दिवसांच्या ड्रेसिंगपेक्षा त्यांचं जागणं कितीतरी जास्त भरेल.

पण त्यांचा तो प्रश्न मला सोडत नाही, कारण तो एकट्या काकूंचा नाही. तो आपल्याकडे फार जुना आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार मंडळात होती. 1893 मध्ये ही मंडळी बाजूला झाली, कारण सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतायत अशी ओरड झाली. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसत होत्या हे खरंच होतं, तेव्हा ती शंका अगदी हवेतली होती असंही नाही. रमाबाईंचं म्हणणं असं की माझ्या खोलीचं दार मी माझ्या प्रार्थनेच्या वेळी बंद का करावं? दोन्ही बाजू माणसांच्याच. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्याच रमाबाई दुष्काळी भागात फिरून शेकडो मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. संशय संपल्यावर काम करू, असं म्हणत त्या बसल्या असत्या तर त्या मुली जगल्या नसत्या.

आमच्या लहानपणी 'पोटासाठी बाटले' हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकलंय. शाळेत, बाजारात, कधी अगदी ओळखीच्या लोकांकडूनही. आमची आजी (वडिलांची आई, नेवासे तालुक्यातली) यावर चिडायची नाही. ती सुपातले दाणे पाखडता पाखडता म्हणायची, "पोट कोणाला नसतं गं? पण पोटासोबत पाण्याचंही विचारा की त्यांना." तिच्या सासरच्या जुन्या माणसांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. लांब उभं राहायचं आणि कोणी वरून ओतलं तर घ्यायचं. ज्याने पहिल्यांदा 'ये, तूच पोहरा टाक' म्हटलं, त्याच्या मागे माणूस गेला तर त्यात नवल काय? मागचा इतिहास असा गुंतागुंतीचा आहे. आमच्याच शेजारच्या जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात रेव्ह. नारायण शेषाद्रींनी 'बेथेल' नावाचं गाव वसवलं. शेषाद्री जन्माने ब्राह्मण, 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. गावात वसले ते मुख्यतः मांग समाजातून आलेले ख्रिस्ती. आणि जमीन दिली निजामाचे दिवाण सालारजंग यांनी. आता यातला चांगुलपणा कोणत्या धर्माच्या खात्यावर मांडायचा, तुम्हीच सांगा!

म्हणून मी माझ्यापुरतं एक ठरवलंय. माझ्या विश्वासाबद्दल कोणी विचारलं तर मी लपवत नाही. गळ्यात क्रूस आहे, दारावर नाताळचा तारा लागतो, करंज्या-चिवड्याची ताटं गल्लीभर जातात (हो, आमच्या नाताळचा फराळ अगदी तुमच्या दिवाळीसारखाच). पण ड्रेसिंगच्या डब्यात मी पत्रिका ठेवत नाही. जखमेवरचं औषध हे जखमेसाठीच. त्यात दुसरा हेतू मिसळला की औषधही शुद्ध राहत नाही आणि हेतूही. आमच्यातल्या काही जणांना हे पटत नाही. 'साक्ष कधी देणार?' असं मला एका नातलगाने अगदी कळकळीने विचारलंय. मला वाटतं, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं ज्याने सांगितलं, त्याला माझ्या हातांचा जाहिरातीसाठी उपयोग हवा असेल असं दिसत नाही.

या बाबतीत मला फादर हर्मन बाखर यांचं काम फार मोलाचं वाटतं. हे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू. 1948 मध्ये भारतात आले आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत त्यांनी आयुष्य काढलं. लोक त्यांना 'बाखरबाबा' म्हणायचे. त्यांनी पाणलोट विकासाचं काम हाती घेतलं, 1993 मध्ये त्यासाठी 'वॉटर' नावाची संस्था दुसऱ्या एका सहकाऱ्याबरोबर उभी केली. पाणलोटाची रीत अशी की काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं. आधी डोंगरउतारावर समतल चर खणायचे, झाडं लावायची, गुरं मोकळी चरायला सोडायची नाहीत, आणि मग खाली नाल्यावर बांध घालायचे. वाहून जाणारं पाणी थांबवायचं, थांबलेलं मुरवायचं. गावाने एकत्र येऊन श्रमदान केल्याशिवाय हे होत नाही. एकट्याने चर खणून उपयोग नाही, शेजाऱ्याच्या बांधावरही खणावा लागतो. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या उजाड गावांत या कामाने पाणी आणि हिरवळ परत आली. 2021 मध्ये बाखरबाबा वारले.

मला यातलं आवडतं ते हे, की जमिनीत मुरलेलं पाणी कोणाच्या विहिरीत उतरायचं हे विचारत नाही. वरच्या बाजूला घाम गाळला कोणी, आणि खालच्या विहिरीला पाझर फुटला कोणाच्या! मधल्या वाटेत कुठेही पाटी लावता येत नाही, की हे पाणी अमक्यांच्या सौजन्याने.

आमच्या नळाचं पाणीही येतं ते पैठणहून, जायकवाडीच्या नाथसागरातून. नाथांचं नाव त्या जलाशयाला दिलंय ते किती शोभतं! काशीहून कावडीने आणलेली गंगा एकनाथ महाराजांनी तहानलेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट मराठवाड्यात लहान मूलही सांगेल. ती कावड रामेश्वराला घालायची होती. धर्माच्या हिशेबात सगळी यात्रा फुकट गेली. नाथांच्या हिशेबात ती तिथेच, वाळवंटात पोचली. आमच्या आजीला शास्त्रातली वचनं तोंडपाठ होती आणि ही गोष्टही. दोन्ही ती एकाच सुरात सांगायची.

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. घरातल्या एकाचा चांगुलपणा पुष्कळदा दुसऱ्याच्या कष्टांवर चालतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना हे लगेच पटेल. रेव्हरंड टिळकांचा हात सदा उघडा, माणसांची घरात सदा ये-जा. आणि पुढ्यात काय वाढायचं ही काळजी लक्ष्मीबाईंची. आमच्याही घरी वडील रविवारी उपासनेनंतर कोणालाही 'चला, घरी जेवायला' म्हणायचे. गाव म्हणायचं, काय देवमाणूस आहे! आणि आई मागच्या दाराने शेजारी जाऊन दोन वाट्या तांदूळ उसने आणायची. देवमाणूस हे नाव वडिलांना मिळालं, तांदूळ परत करायचे आईने. म्हणून आता मी कोणाला हो म्हणण्याआधी बघते, की माझ्या या 'हो'चं ओझं कोणाच्या डोक्यावर जाणार आहे. स्वतःच्या पाठीवर पेलेल तेवढंच 'हो' खरं. (आईच्या माहेरचे जे कोणी हे वाचतील, त्यांना हे वाचून बरं वाटेल अशी आशा आहे!)

आता चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय. ती सगळ्यांना माहीत आहे, ख्रिस्ती नसलेल्यांनाही. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या माणसाला लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलं, याजक बघून निघून गेला, लेवी बघून निघून गेला. ज्याच्याशी यहूदी लोक पाण्याचाही व्यवहार ठेवत नसत तो शोमरोनी मात्र थांबला. जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर घातलं, उतारशाळेत नेलं, खर्चाला दोन दीनार दिले आणि आणखी लागलं तर परतताना देईन म्हणाला. आपल्या देशाच्या कायद्यातही आता ही गोष्ट शिरली आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये निर्देश कायम केले, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलम आलं. मदत करणाऱ्याला 'गुड समॅरिटन' असंच म्हटलंय, आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही. कायदा करणाऱ्यांनी मुद्दाम केलं की नाही कोण जाणे, पण गोष्टीतल्या शोमरोन्यालाही नाव नाही!

ही गोष्ट ऐकताना आपण सगळे स्वतःला त्या शोमरोन्याच्या जागी बसवतो. रविवारच्या शाळेतल्या नाटुकल्यात प्रत्येक पोराला तोच व्हायचं असतं. रस्त्यावर पडलेला माणूस व्हायला कोणी तयार नसतं. मी ती जागा एप्रिल 2021 मध्ये बघितली.

आमच्या ह्यांना कोरोना झाला तेव्हा शहरात बेड मिळत नव्हता. माझी सगळी नोकरी दवाखान्यात गेली, ओळखी होत्या, पण त्या आठवड्यात ओळखींनाच कोणी ओळखीचं उरलं नव्हतं. ऑक्सिमीटरवर आकडा 84 वर आला. मी फोन लावत सुटले. कोणीतरी एक नंबर दिला, त्याने दुसरा दिला. रात्री साडेअकराला एक मुलगा मोटारसायकलवर, मागे दुसऱ्याला बसवून, मधे जंबो सिलिंडर आडवा धरून आला. पंचविशीचा असेल. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, रोजे चालू होते. दोघांनी सिलिंडर वर चढवला. फ्लोमीटर मी लावला, बाटलीत पाणी मी भरलं, तेवढं मला येत होतं. अनामत किती म्हणून पर्स उघडली तर म्हणाला, "रहने दो खाला, बाद में देखेंगे." आणि गेला. त्या रात्री त्याला अजून तीन ठिकाणी जायचं होतं.

चौथ्या दिवशी पहाटे हे गेले.

दुपारी तोच मुलगा आला. त्याला कळलं होतं. दारातच उभा राहिला, काही बोलला नाही. सिलिंडर न्यायला आला होता, कोणाला तरी लगेच हवा होता, आणि मागायला त्याला जड जात होतं. मीच म्हटलं, "ने बाबा, लवकर ने." त्याने सिलिंडर खांद्यावर घेतला, जिन्यात थांबून एकदा मागे वळून कपाळाला हात लावला, आणि खाली उतरला. मी पैसे हातात घेऊन उभी होते, ते तसेच राहिले.

नंतर त्या नंबरवर फोन लावून बघितला, तो लागत नव्हता. आमच्या गल्लीतल्या कोणाला तो माहीत नाही. मी त्याचं नाव विचारलं नव्हतं, त्यानेही माझं विचारलं नव्हतं. माझ्या गळ्यातला क्रूस त्याला दिसला असेल किंवा नसेल.

तेव्हापासून ती शोमरोन्याची गोष्ट मला जिन्याखालून वर बघावी तशी दिसते. घेणाऱ्याच्या जागी बसल्यावर कळलं, की काकूंनी मला तो प्रश्न का विचारला होता. मागून काय करावं लागतं? परतफेड करण्यासारखं काही नसणं हे माणसाला फार जड जातं. मला कडी वाजवायचं काम तरी देता आलं होतं काकूंना. त्या मुलाने मला तेवढंही दिलं नाही. मग मी काय करू? मी त्याची चांगुलपणाची वही पुढे चालवते, एवढंच. ते पैसे मी वेगळे ठेवले, आणि ज्या घरी आजारी माणसाला भाड्याने पलंग किंवा सिलिंडर लागेल तिथे ते फिरतात. परत आले तर येतात, नाही आले तर पुन्हा भरते. दशांश वेगळा, हे वेगळं. चर्चमध्ये दिलेल्याची पावती मिळते, ती मी फाइलला लावते. याची पावती नाही.

माझी श्रद्धा माझ्यासाठी खरी आहे, आणि त्यावाचून मी पहाटे तीनला उठले नसते हेही खरं. पण चांगुलपणा आमच्याच बागेत पिकतो असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आत्म्याचं फळ म्हणतात ते. आत्मा वाऱ्यासारखा आहे असंही प्रभूनेच सांगितलं. वारा कोणाच्या कुंपणाला विचारून वाहत नाही.

असो. लिहिता लिहिता बरंच लांबलं. तुमच्या आयुष्यातही असा कोणीतरी येऊन गेला असेल, ज्याला आभार म्हणायचं राहून गेलं. जमलं तर सांगा. नाव माहीत नसलं तरी चालेल.

जय ख्रिस्त.